फेब्रुवारीची गोठवणारी थंडी आणि पांढरे कापड : दोन हिवाळ्यांच्या वापरानंतरचा अभिप्राय

डॅलसच्या उत्तरेकडील उपनगरात आमचे घर आहे आणि घरामागे जेमतेम चार वाफे, एक संत्र्याचे झाड, मोगऱ्याची दोन झुडपे आणि अर्ध्या पिंपात वाढवलेला माणसाच्या उंचीचा कढीपत्ता अशी बाग आहे. या बागेसाठी मी गेल्या दोन हिवाळ्यांत थंडीपासून झाडे झाकण्याचे दोन प्रकारचे कापड विकत घेऊन वापरले. एक म्हणजे 10 फूट रुंद आणि 30 फूट लांब असा जाड कापडाचा गुंडाळा, आणि दुसरे म्हणजे झाडावर वरून घालून खाली नाडीने आवळायच्या तयार पिशव्या. दोन्हींचे कापड एकाच जातीचे, म्हणजे न विणता दाबून तयार केलेले पॉलिप्रॉपिलीनचे आहे. महाराष्ट्रात कलिंगडाच्या आणि मिरचीच्या रोपांवर जे पांढरे क्रॉप कव्हर घालतात, त्याचाच हा जाड भाऊ म्हणता येईल. टेक्सासात राहणाऱ्या आणि अंगणात कढीपत्ता, मोगरा, लिंबू जपणाऱ्या मराठी कुटुंबांना हा अनुभव उपयोगी पडेल असे वाटल्याने तो सविस्तर लिहीत आहे.

येथील थंडीचा स्वभाव आधी सांगितला पाहिजे, कारण कापडाची खरी परीक्षा त्यावरच ठरते. डिसेंबरातल्या थंडीने झाडांचे फारसे बिघडत नाही. दिवस हळूहळू लहान होत जातात, झाडे रस आखडून घेतात आणि थंडी सोसण्याची तयारी करतात. खरा घात होतो तो फेब्रुवारीत. पंधरा दिवस उबदार जातात, संत्र्याला नवे कोंब फुटतात, पीचची झाडे फुलू लागतात, आणि मग उत्तरेकडून ध्रुवीय वारा एका रात्रीत येऊन पोहोचतो. 2025 च्या फेब्रुवारीत नेमके हेच झाले. पहिल्या आठवड्यात दुपारी अर्ध्या बाह्यांचे कपडे घालून मी वाफे खणत होते आणि तिसऱ्या आठवड्यात माझ्या अंगणातल्या तापमापकाने उणे 9 अंश सेल्सियस दाखवले. हेच संत्र्याचे झाड जानेवारीत सुप्तावस्थेत असताना जी थंडी निमूटपणे सोसते, तीच थंडी कोंब फुटल्यानंतर त्याला जाळून टाकते. पीचच्या पूर्ण उमललेल्या फुलांपैकी सुमारे एक दशांश फुले उणे 2.8 अंशांच्या आसपास मरतात आणि उणे 4.4 अंशांच्या जवळ दहातली नऊ जातात. म्हणजे दीड अंशाच्या फरकावर वर्षाचे फळ अवलंबून असते. दोन-तीन अंश वाचवणारे कापड मला महत्त्वाचे वाटते ते याच कारणाने.

2021 चा फेब्रुवारी मी विसरू शकत नाही. त्या वर्षी 16 फेब्रुवारीला डॅलस-फोर्टवर्थ येथे पारा उणे 2 फॅरनहाइटवर, म्हणजे सुमारे उणे 19 सेल्सियसवर उतरला होता आणि 1949 नंतरची ती येथील सर्वांत कडक थंडी होती. माझ्याकडे तेव्हा हे कापड नव्हते. मी घरातल्या जुन्या सुती चादरी झाडांवर टाकल्या, त्या बर्फाने भिजल्या, जड झाल्या आणि फांद्यांसकट खाली बसल्या. कढीपत्त्याची पहिली कुंडी घरात आणली होती, परंतु वीज गेल्यामुळे घरच इतके गार पडले की तीही वाचली नाही. ते रोप आमच्या एका परिचित काकूंनी त्यांच्या झाडाच्या मुळाशी फुटलेला फुटवा काढून दिला होता. त्यांच्याकडचे मूळ झाडही त्याच आठवड्यात गेले. तशा थंडीपुढे बाजारातले कोणतेही कापड एकट्याने टिकणार नाही, हे मी या अभिप्रायाच्या सुरुवातीलाच स्पष्ट करते. कापडाची मर्यादा ओळखून मगच ते विकत घ्यावे.

कापड नेमके काय करते, हे मला माझ्या वडिलांनी फोनवर एका वाक्यात समजावले. आमचे माहेर निफाड तालुक्यातले, द्राक्षबागेचे. कडाक्याच्या थंडीत द्राक्षाचे मणी तडकू नयेत म्हणून पहाटे बागेला पाणी देणे आणि बांधावर शेकोट्या पेटवणे हे मी लहानपणापासून पाहिलेले आहे. कापड आणल्याचे सांगितल्यावर ते म्हणाले, “अगं, कापड काही ऊब देत नाही, ऊब जमीन देते. आधी वाफ्याला पाणी भर, मग झाक.” हा सल्ला शब्दशः खरा आहे. दिवसभर उन्हाने तापलेली माती रात्री ती उष्णता आकाशाकडे सोडत असते, आणि जमिनीपर्यंत टेकलेले कापड ती उष्णता झाडाभोवती धरून ठेवते. ओली माती कोरड्या, भुसभुशीत मातीपेक्षा दिवसा अधिक उष्णता साठवते आणि रात्री ती खोलातून वर पोहोचवतेही. म्हणून थंडी येण्याच्या आदल्या दुपारी पाणी देणे हा झाकण्याच्या कामाचाच भाग समजला पाहिजे. येथे अनेक घरांसमोर झाडांना वरून कापड गुंडाळून बुंध्याशी दोरीने बांधलेले दिसते. ते पाहून मला मनापासून वाईट वाटते, कारण तशा बांधणीत जमिनीची ऊब कापडाच्या बाहेर राहते आणि मालकाने घेतलेल्या साऱ्या कष्टांचा झाडाला जवळजवळ उपयोग होत नाही.

आता कापडाच्या जाडीबद्दल. भारतात ही जाडी जीएसएममध्ये, म्हणजे प्रति चौरस मीटर ग्रॅममध्ये सांगतात आणि अमेरिकेत ती प्रति चौरस यार्ड औंसमध्ये छापलेली असते. अर्धा औंस म्हणजे साधारण 17 जीएसएम. हे कापड हलके असते, त्यातून पुष्कळ प्रकाश आत जातो, आणि ते फार तर एक-दोन अंशांचे संरक्षण देते. दीड औंस म्हणजे साधारण 50 जीएसएम. ते तीन-चार अंश वाचवते, मात्र प्रकाश जवळजवळ निम्माच आत सोडते. मी घेतलेल्या दोन्ही वस्तूंवर दीड औंस असेच छापलेले होते. हाताला मात्र पिशवीचे कापड स्पष्टपणे पातळ लागत होते. म्हणून मी स्वयंपाकघरातल्या काट्यावर दोन्ही वजन करून पाहिली. गुंडाळ्याचे क्षेत्रफळ सुमारे 28 चौरस मीटर आणि वजन 1 किलो 390 ग्रॅम भरले, म्हणजे तो हिशेब 50 जीएसएमला बरोबर जुळला. पिशवी 120 सेंटिमीटर रुंद आणि 180 सेंटिमीटर उंच, दोन्ही बाजू धरून कापड सव्वाचार चौरस मीटरहून थोडे अधिक, आणि नाडीसकट वजन अवघे 132 ग्रॅम, म्हणजे सुमारे 30 जीएसएम. छापलेल्या आकड्याच्या तुलनेत हे बरेच कमी आहे. विकणाऱ्यांना मी तसे कळवले, त्यांनी पैसे परत देऊ केले, परंतु वेष्टनावरचा मजकूर पुढच्या हिवाळ्यातही तोच होता. ज्यांच्याकडे स्वयंपाकाचा काटा आणि मोजपट्टी आहे त्यांनी घेतलेले कापड पहिल्याच दिवशी तोलून पाहावे, असे मी आग्रहाने सुचवते.

2025 च्या त्या तीन रात्रींची नोंद मी वहीत ठेवली होती. त्यासाठी तीन छोटे तापमापक वापरले. एक उघड्यावर, एक कापडाखाली वाफ्यात आणि एक कढीपत्त्याजवळ. पहिल्या रात्री वारा जोराचा होता. उघड्यावर किमान तापमान उणे 7.5 अंश होते आणि जाड कापडाखाली वाफ्यात उणे 5.8 अंश, म्हणजे फरक दोन अंशांचाही नव्हता. दुसऱ्या रात्री वारा पडला, आकाश निरभ्र झाले, उघड्यावर पारा उणे 9 वर गेला, आणि कापडाखाली मात्र तो उणे 5.2 च्या खाली उतरला नाही. बाहेर थंडी वाढली असूनही आतले तापमान आदल्या रात्रीपेक्षा वर राहिले, याचे मला आधी आश्चर्य वाटले, परंतु कारण सरळ आहे. शांत रात्री हवा थंड होते ती जमिनीची उष्णता वर निघून गेल्यामुळे, आणि ती वाट कापड अडवते. वाऱ्याच्या रात्री थंडी जमिनीतून जन्मत नाही, ती बाहेरून आलेली असते, आणि कापडाच्या प्रत्येक फटीतून आत शिरते. वेष्टनावर छापलेले संरक्षणाचे अंश हे शांत रात्रीचे असतात, हे तेथे कोठेही लिहिलेले नाही. ते लिहिले जायला हवे, कारण फेब्रुवारीतली अशी लाट पहिल्या रात्री बहुधा वारा घेऊनच येते.

त्या पहिल्या रात्रीने कापडाबरोबर येणाऱ्या खिळ्यांचाही निकाल लावला. गुंडाळ्यासोबत बारा प्लास्टिकचे खिळे मिळतात. आमच्याकडच्या चिकट काळ्या मातीत ते अर्धेही रुतले नाहीत आणि मध्यरात्रीपर्यंत चार वाकले. एका बाजूचे कापड उडून मेथीच्या वाफ्यावरून बाजूला गेले होते. रात्री दीड वाजता माझे पती आणि मी विजेरी घेऊन बाहेर गेलो आणि कुंपणाजवळ रचलेल्या विटा आणून कापडाच्या कडेवर हातभर अंतराने ठेवल्या. त्यानंतर सकाळपर्यंत कापड जागचे हलले नाही. खिळ्यांसाठी मी या वस्तूचे गुण कमी करते. तेवढेच पैसे कापडाची रुंदी वाढवण्यात घातले असते तर ते अधिक उपयोगी ठरले असते, कारण 10 फूट रुंदी ही गुडघाभर उंचीच्या वाफ्याला पुरते, परंतु संत्र्याच्या झाडावरून घेतल्यावर दोन्ही बाजूंना जमिनीपर्यंत पोहोचताना ओढाताण होते. मला दोन पट्टे आडवे जोडून चिमटे लावावे लागले.

वाफ्यांवर मी पाइपच्या कमानी केल्या होत्या आणि त्यावर कापड टाकले होते. कमानी न करता कापड थेट पानांवर टाकले तरी चालते असे विकणारे सांगतात, आणि प्लास्टिकच्या कागदाच्या तुलनेत ते खरे आहे, कारण प्लास्टिक ज्या पानाला टेकते ते पान हमखास गोठते. तथापि उणे 5 अंशांपलीकडे हे कापडही पानांना टेकू नये असे माझे मत झाले आहे. संत्र्याच्या शेंड्यावर जेथे कापड ताणून बसले होते, तेथली पाने दुसऱ्या दिवशी काळपट आणि पाण्याने भिजल्यासारखी दिसू लागली. बोटभर खाली असलेली पाने हिरवीच राहिली.

कढीपत्त्यासाठी वेगळी व्यवस्था करावी लागली. त्याचे पिंप मातीसह इतके जड आहे की दोघांनाही हलवता येत नाही, आणि कढीपत्ता गोठणबिंदूच्या फारसा खाली तग धरत नाही. शिवाय कुंडीतल्या झाडाची मुळे जमिनीतल्या मुळांपेक्षा जास्त धोक्यात असतात, कारण तेथे थंडी चारही बाजूंनी पोहोचते. पिंप घराच्या दक्षिणेकडील विटांच्या भिंतीला लागून आहे. मी पिंपाभोवती जुनी गोधडी आणि तिच्यावर प्लास्टिकचा कागद गुंडाळला, तीन बांबू भिंतीला टेकवून उभे केले, त्यांवर जाड कापडाचे दोन थर टाकले आणि आत जुन्या पद्धतीच्या, तारेच्या बल्बांची माळ सोडली. 7 वॅटचे 25 बल्ब म्हणजे 175 वॅट. हल्लीच्या एलईडी माळांचा येथे काहीही उपयोग नाही, कारण त्या जवळजवळ उष्णता देतच नाहीत, आणि दुकानात माळ घेताना ही गोष्ट विचारून घ्यावी लागते. माळ एका लहान स्वयंचलित प्लगला जोडली होती. तो तापमान 2 अंशांच्या आसपास उतरल्यावर वीज सुरू करतो आणि 7 अंशांवर बंद करतो. बाहेर उणे 9 असताना त्या तंबूत 0.5 अंश होते. माझ्या संपूर्ण हिवाळ्यातले सर्वांत समाधानाचे वाचन तेच होय. बल्ब कापडाला टेकणार नाहीत अशी काळजी घेऊन ते बुंध्याजवळ आणि मधल्या फांद्यांवर अडकवले होते. हे कापड शेवटी प्लास्टिकच आहे, ते उष्णतेने वितळते आणि पेट घेऊ शकते. खोली गरम करण्याचा हीटर किंवा कोंबडीच्या पिल्लांसाठी वापरतात तो 250 वॅटचा दिवा कृपया कोणीही त्यात ठेवू नये.

तयार पिशव्यांची परीक्षा मोगऱ्यावर झाली. दोन्ही झुडपे कंबरेइतकी आहेत. पिशवी घालायला दोन मिनिटेही लागत नाहीत, आणि वयस्कर माणसांना एकट्याने करता येण्याजोगे हे काम आहे, ही तिची खरी जमेची बाजू आहे. परंतु नाडी आवळल्यावर पिशवीचे तोंड बुंध्याशी येते आणि मघाशी सांगितलेला दोष मुळातच तिच्या रचनेत उतरतो. एका झुडपाची नाडी मी आवळली आणि दुसऱ्याची मोकळी सोडून पिशवीची कड जमिनीवर पसरून विटांनी दाबली. आवळलेल्या पिशवीतले झुडूप जमिनीपर्यंत तपकिरी झाले. दाबलेल्या पिशवीतल्या झुडपाचे शेंडे गेले, मात्र खालच्या वीतभर फांद्या हिरव्या राहिल्या. मोगरा मुळापासून फुटतो, त्यामुळे एप्रिलच्या मध्यावर दोन्हींना पाने आली. तथापि पहिल्या झुडपाला कळ्या यायला पुढे महिनाभर अधिक लागला. लिंबाची कुंडी आणि तुळशी मी कापडाच्या भरवशावर ठेवल्याच नाहीत. लिंबू गॅरेजमध्ये गेले, आणि तुळशी तर नोव्हेंबरपासूनच खिडकीत होत्या. कोथिंबीर आणि मेथी कापडाखाली सुखरूप राहिल्या. कोथिंबीर उघड्यावरही पुष्कळ थंडी सोसते, हे येथे नव्याने बाग करणाऱ्यांना सहसा ठाऊक नसते.

झाकण्याइतकेच उघडणेही महत्त्वाचे आहे. मधल्या दिवशी दुपारीही पारा शून्याच्या वर गेला नाही, म्हणून मी कापड तसेच ठेवले. चौथ्या दिवशी ऊन पडले, बाहेर 6 अंश असताना कमानीखाली अकराच्या सुमारास 22 अंश झाले होते. तसेच ठेवले असते तर झाडांनी पुन्हा वसंत आला असे मानून आणखी कोंब काढले असते आणि पुढच्या थंडीत तेही गेले असते, कारण येथे मार्चच्या मध्यापर्यंत गोठण्याची शक्यता असतेच. म्हणून सकाळी दोन्ही टोके उघडून हवा खेळती केली आणि संध्याकाळी सूर्य मावळण्यापूर्वी पुन्हा बंद केली. अंधार पडल्यावर झाकले तर जमिनीची बरीच ऊब तोपर्यंत निघून गेलेली असते.

थंडी ओसरल्यावर काळवंडलेल्या फांद्या लगेच कापण्याचा मोह मी टाळला. संत्र्याची साल नखाने किंचित खरवडून पाहिली की आत हिरवे आहे की तपकिरी ते कळते, आणि ही खात्री मार्चअखेर केलेली बरी. मेलेली पानेही तोवर खालच्या फांद्यांना थोडा आडोसा देतात. संत्र्याचे शेंडे हातभर कापावे लागले, बाकी झाड वाचले, पण त्या वर्षी फळे मोजकीच लागली. कढीपत्त्याची वरची दहा-बारा पाने गळली आणि मार्चच्या शेवटच्या आठवड्यात बुंध्याच्या मध्यावर लालसर पालवी दिसली. त्या दिवशी मी ज्या काकूंनी पहिले रोप दिले होते त्यांना दूरध्वनी केला, आणि जूनमध्ये पिंपातला एक फुटवा मुळासकट काढून त्यांच्या दारी नेऊन दिला.

टिकाऊपणाबद्दल सांगायचे तर दोन हिवाळ्यांनंतर गुंडाळ्याच्या कापडाला तीन ठिकाणी भोके पडली आहेत, ती सर्व चिमटे लावलेल्या जागी आहेत. कडांचे धागे सुटू लागले आहेत, परंतु मधले कापड घट्ट आहे. सूर्यप्रकाशाने हे कापड ठिसूळ होते, म्हणून काम संपल्यावर ते पूर्ण वाळवून अंधाऱ्या जागी ठेवणे आवश्यक आहे. पिशव्यांपैकी एकीची शिवण पहिल्याच वर्षी उसवली. गुंडाळ्याला मला सुमारे 35 डॉलर पडले, पिशव्यांच्या जोडीला 24. पाचपैकी मी गुंडाळ्याला चार गुण देईन, त्यातला अर्धा गुण खिळ्यांसाठी आणि अर्धा रुंदीसाठी कमी केला आहे. पिशव्यांना दोन गुण देते. ज्यांना वाकून विटा ठेवणे जमत नाही अशांनी त्या घ्याव्यात, परंतु नाडी आवळू नये, आणि दिलेल्या जाडीवर विश्वास न ठेवता एकावर एक दोन पिशव्या घालाव्यात.

पुढच्या हिवाळ्यासाठी मी 12 फूट रुंदीचा तसाच गुंडाळा घेणार आहे. जुन्या कापडाचे वाफ्यांच्या मापाने तुकडे केले असून प्रत्येकाच्या कडेवर न पुसणाऱ्या शाईने ‘मेथी’, ‘संत्रे उत्तर’, ‘संत्रे दक्षिण’ असे लिहून ठेवले आहे, म्हणजे सूचना आल्यापासून सूर्यास्तापर्यंतच्या दोन-तीन तासांत मोजमाप करण्यात वेळ जाणार नाही.